डेल्सफर्ड : एक गाव, एक वाडा आणि हिंदुस्थानचा पैसा

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्याच्या पूर्व टोकाला, ऑक्सफर्डशरच्या हद्दीला लागून, डेल्सफर्ड नावाचे गाव आहे. मोजकी दगडी घरे, एक चर्च, भोवताली शेते आणि कुरणे, आणि झाडांच्या आड उभा असलेला एक मोठा वाडा, एवढाच त्याचा पसारा. जवळून एव्हनलोड नदी वाहते. स्टो-ऑन-द-वोल्ड हे बाजाराचे गाव तिथून चार-पाच मैलांवर, किंगहॅमचे रेल्वे स्टेशन त्याहून जवळ. इंग्लंडच्या इतिहासाच्या जाड ग्रंथांत या गावाच्या वाट्याला एखादी ओळ येते. तरीही मराठी वाचकासाठी त्याच्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहावे असे मला वाटले. कारण त्या झाडांआडचा वाडा वॉरन हेस्टिंग्जने बांधला. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी ज्याच्या फौजांशी झुंज दिली आणि शेवटी ज्याच्याशी साळबाईचा तह केला, तोच हा बंगालचा गव्हर्नर जनरल. वडगाव आणि साळबाई ही नावे आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्या घटनांची दुसरी बाजू ज्या घरात येऊन थांबली, त्या घराचे नाव मात्र आपल्या कानावर पडलेले नसते.

लढाई कुठे झाली, कोण जिंकले, तहाची कलमे कोणती, हे आपण नीट शिकतो. तिचा खर्च कोणाच्या खिशातून गेला आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीत मिळवलेला पैसा शेवटी कुठल्या मातीत मुरला, हे आपण फारसे विचारत नाही. हा दुसरा प्रश्न विचारायचा असेल तर इंग्लंडच्या खेड्यांत जावे लागते, कारण अठराव्या शतकातल्या इंग्रजाला पैसा मिळाला की तो जमीन घेत असे. जमिनीबरोबर प्रतिष्ठा येई, पार्लमेंटची वाट खुली होई आणि कुटुंबाचे नाव पिढ्यान् पिढ्या टिकण्याची आशा वाटे. डेल्सफर्डचा इतिहास लिहिताना मी हाच माग धरला आहे.

आधी ‘मॅनर’ म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण ‘मॅनर हाऊस’ म्हटले की डोळ्यांपुढे नुसती इमारत उभी राहते. मॅनर हा मुळात जमिनीवरच्या हक्कांचा एक गठ्ठा होता. मॅनरच्या धन्याकडे स्वतःची शेती असे, कुळांकडून खंड वसूल करण्याचा अधिकार असे आणि गावातले बारीकसारीक तंटे, कुरणाचे आणि बांधाचे वाद ज्यात मिटत ते मॅनरचे न्यायासनही त्याचेच असे. कित्येक ठिकाणी चर्चमध्ये धर्मगुरू कोण नेमायचा हेही तोच ठरवी. हे हक्क वारशाने जात, गहाण पडत आणि विकलेही जात. घर हे त्या हक्कांचे दिसणारे रूप. म्हणून मॅनर गमावणे म्हणजे गावातले आपले स्थानच गमावणे.

डेल्सफर्ड जुने आहे. आठव्या शतकातला मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याच्या नावाचे एक दानपत्र आहे, त्यात इथली जमीन मठ उभारण्यासाठी दिल्याचा उल्लेख येतो. १०८६ साली विजेत्या विल्यमच्या आज्ञेने सगळ्या इंग्लंडची जी मोजदाद झाली, त्या डूम्सडे बुकातही हे गाव आहे, वुस्टरच्या बिशपच्या जमिनींमध्ये. त्या मालकीची खूण पुढे आठशेहून अधिक वर्षे राहिली. भोवती ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्डशर पसरलेले असताना डेल्सफर्ड मात्र दूरच्या वुस्टरशरमध्ये मोजले जाई. १९३१ साली हद्दी बदलल्या तेव्हा ते ग्लॉस्टरशरमध्ये आले. आपल्याकडे संस्थानी मुलखाचे तुकडे ब्रिटिश जिल्ह्यांत विखुरलेले असत, हे ज्यांनी जुन्या नकाशांत पाहिले आहे त्यांना अशा हद्दींचे नवल वाटणार नाही. जमिनीवरची रेघ ही बहुतेक वेळा कुणाच्या तरी जुन्या हक्काची नोंद असते.

मध्ययुगापासून हे मॅनर हेस्टिंग्ज घराण्याकडे होते. सतराव्या शतकात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. घराण्याचा त्या वेळचा धनी जॉन हेस्टिंग्ज राजाच्या बाजूने उभा राहिला. त्यात पैसा गेला, जमिनी गेल्या. ऑक्सफर्डशरमधली यलफर्डची जहागीर पार्लमेंटचा स्पीकर लेन्थॉल याच्या हाती गेली. डेल्सफर्ड कसेबसे राहिले, पण ते पोसण्याची ऐपत राहिली नाही. अखेर १७१५ साली ते जेकब नाइट नावाच्या माणसाला विकले गेले. घराणे मात्र गाव सोडून गेले नाही. पेनिस्टन हेस्टिंग्ज हा त्याच गावच्या चर्चचा रेक्टर म्हणून राहिला. ज्या जमिनीचे आपण धनी होतो, तिच्याच एका कडेला धर्मगुरूच्या उत्पन्नावर जगायचे, अशी त्याच्यावर पाळी आली.

या रेक्टरचा नातू म्हणजे वॉरन. तो ६ डिसेंबर १७३२ रोजी जवळच्याच चर्चिल गावात जन्मला. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली, वडिलांनी मुलाकडे पाठ फिरवली आणि ते पुढे वेस्ट इंडिजला गेले. गावच्या धर्मादाय शाळेत शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर तो शिकला. सात वर्षांचा असताना एका ओढ्याच्या काठी पडून त्याने ठरवले की एक दिवस डेल्सफर्ड परत घ्यायचे, ही कथा इतिहासकार मॅकॉलेने १८४१ सालच्या आपल्या निबंधात रंगवून सांगितली आणि ती इंग्रजी शाळांतून घरोघर पोहोचली. तिचे मूळ हेस्टिंग्जनेच म्हातारपणी सांगितलेल्या आठवणीत आहे. आयुष्याच्या शेवटी सांगितलेली आठवण थोडी घोटून गुळगुळीत झालेली असणार, पण तिच्यातली ओढ खरी होती, हे त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांवरून दिसते. गेलेले वतन सोडवून घेण्याची ईर्ष्या ज्यांच्या घराण्यांत तीन-तीन पिढ्या जळत राहिली, त्या आपल्याकडच्या माणसांना हा मुलगा लगेच कळेल.

१७५० साली सतरा वर्षांचा वॉरन ईस्ट इंडिया कंपनीचा रायटर, म्हणजे कारकून, म्हणून बंगालला निघाला. १७७२ मध्ये तो बंगालचा गव्हर्नर झाला आणि १७७४ पासून पहिला गव्हर्नर जनरल. वर्षाला २५,००० पौंड पगार त्याला होता. त्याच्या कारकिर्दीचा सगळा आढावा या पुस्तकात नाही. मराठ्यांशी झालेले युद्ध आणि त्यासाठी लागलेला पैसा या दोनच गोष्टी मी सविस्तर घेतल्या आहेत, कारण डेल्सफर्डच्या गोष्टीचा कणा त्याच आहेत.

युद्धाची सुरुवात हेस्टिंग्जने केली नव्हती. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला. साष्टी आणि वसई यांच्या बदल्यात त्यांना पेशवाईच्या गादीवर बसवण्याचा तो करार होता. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो नाकारला आणि १७७६ मध्ये कर्नल अप्टनने बारभाईंशी पुरंदरचा तह केला. तोही टिकला नाही. मुंबईची फौज घाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावापर्यंत आली, तिथे पुढे जाणे अशक्य झाले आणि माघार घेताना वडगावला चारही बाजूंनी कोंडली गेली. वडगावचा करार झाला. हेस्टिंग्जने तो मानला नाही. बंगालहून फौज घेऊन निघालेला इंग्रज सेनानी गॉडर्ड हिंदुस्थान ओलांडून गुजरातेत उतरला. अहमदाबाद आणि पुढे डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीच्याच पॉपम या अधिकाऱ्याने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. दक्षिणेत हैदरअलीने कर्नाटकावर झडप घातली होती आणि फ्रेंचांशीही युद्ध चालू होते. एवढ्या आघाड्या एका वेळी चालवणाऱ्या कलकत्त्याच्या तिजोरीत खडखडाट झाला. १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने साळबाईचा तह झाला. कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन याने त्यावर सही केली. पुरंदरनंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत दिला, साष्टी मात्र ठेवून घेतली.

आता पैशाचा माग. बनारसचा राजा चेतसिंह कंपनीला दरसाल साडेबावीस लाख रुपयांच्या आसपास खंडणी देत असे. १७७८ पासून त्याच्याकडे युद्धखर्चापोटी वर्षाला आणखी पाच लाख मागितले गेले, पुढे घोडदळही मागितले. राजा टाळाटाळ करतो म्हणून ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला गेला आणि राजाला त्याच्याच वाड्यात अटक केली. शहर पेटले, शिपाई कापले गेले, हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. चेतसिंहाचे राज्य गेले, पण हवा होता तेवढा पैसा हाती लागला नाही. मग पाळी आली अवधच्या बेगमांची. नवाबाची आई आणि आजी यांच्या फैजाबादच्या खजिन्यातून पन्नास लाखांहून अधिक रुपये काढले गेले. त्यासाठी त्यांच्या विश्वासू खोजांना कैदेत ठेवून छळले. मराठ्यांनी हे युद्ध लांबवले नसते तर बनारस आणि फैजाबाद इथे जे घडले ते तसेच घडले असते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. युद्ध सह्याद्रीच्या घाटात अडले आणि त्याचा भार गंगेकाठच्या राजावर आणि शरयूकाठच्या जनान्यावर पडला. हेस्टिंग्जवर पुढे जो खटला झाला, त्यातली दोन सर्वांत जड कलमे हीच होती.

खटल्याचा सूत्रधार एडमंड बर्क. त्याचेही एक मॅनर होते, बकिंगहॅमशरमध्ये बीकन्सफील्डजवळ. १७८१ साली राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला आला होता. बरोबर मणियार रतनजी आणि त्याचा मुलगा कर्सेटजी हे पारशी होते. शुचिर्भूतपणे स्वयंपाक करायला आणि आपली नित्यकर्मे करायला हणमंतरावांना जागा हवी होती. ती लंडनच्या भाड्याच्या घरात मिळेना. बर्कने त्यांना आपल्या मॅनरवर नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या स्वाधीन केले. परदेशी पाहुण्याच्या आचाराला इतक्या गांभीर्याने मान देणारा हा माणूस पुढे सात वर्षे पार्लमेंटला सांगत राहिला की अन्याय गंगेकाठी झाला म्हणून तो न्याय ठरत नाही. बर्कच्या बाजूलाही स्वार्थाचे धागे होते. त्याचा जिवलग विल्यम बर्क तंजावरच्या तुळजाजी भोसल्यांचा वकील म्हणून काम करत असे. खटला उभा करणाऱ्यांच्या आणि आरोपीच्या, दोघांच्याही कहाणीत मराठी माणसे आहेत. ती या पुस्तकात आपापल्या जागी भेटतील.

१३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोगाला सुरुवात झाली. बर्कचे पहिले भाषणच चार दिवस चालले. आणि त्याच वर्षी, खटला डोक्यावर असताना, हेस्टिंग्जने जेकब नाइटच्या नातवाकडून डेल्सफर्ड विकत घेतले. त्याहत्तर वर्षांनी मॅनर घराण्यात परत आले. पुढची सात वर्षे लंडनमध्ये खटला चालू होता आणि त्यातली पहिली पाच वर्षे डेल्सफर्डला दगडावर दगड चढत होते. खटल्याचे कामकाज जवळजवळ दीडशे दिवस झाले आणि २३ एप्रिल १७९५ रोजी तो निर्दोष सुटला. बचावासाठी सुमारे ७०,००० पौंड खर्च झाले होते, आणि घराचाही खर्च होताच. कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंडांचे वर्षासन साडेअठ्ठावीस वर्षांसाठी दिले आणि ५०,००० पौंड बिनव्याजी कर्जाऊ दिले. क्लाइव्हसारखी अफाट दौलत त्याने कधीच जमवली नव्हती. पण त्याने साठवलेला पगार असो की कंपनीचे वर्षासन, दोन्हींचा उगम एकच होता. बंगाल आणि बिहारच्या रयतेने भरलेला सारा आणि त्या साऱ्यावर उभा राहिलेला व्यापार.

घराचा आराखडा सॅम्युअल पीप्स कॉकरेल याने केला. १७८८ ते १७९३ या काळात बांधकाम झाले. दगड कॉट्सवोल्ड भागातला मधाच्या रंगाचा चुनखडक. या दगडांचा अभ्यास करून इंग्लंडचा पहिला भूशास्त्रीय नकाशा १८१५ साली काढणारा विल्यम स्मिथही चर्चिल गावचाच, हेस्टिंग्जनंतर सदतीस वर्षांनी जन्मलेला. घराचा एकंदर घाट युरोपीय अभिजात वळणाचा आहे. बागेकडच्या बाजूला मधला भाग अर्धवर्तुळात पुढे आला आहे आणि त्यावर घुमट आहे. त्या घुमटात हिंदुस्थानी वास्तुकलेची हलकी छटा आहे. आत टॉमस बँक्स या शिल्पकाराने संगमरवरी शेकोटीवर भारतीय प्रसंग कोरले. हेस्टिंग्जच्या आश्रयाने हिंदुस्थान फिरलेल्या विल्यम हॉजेसची निसर्गचित्रे भिंतींवर लागली. चित्रकार झोफनीने लखनौला पाहिलेली कोंबड्यांची झुंज रंगवली होती, तीही इथे होती. मुर्शिदाबादहून आलेले हस्तिदंती फर्निचर होते. जॉन डेव्हनपोर्टने तळी आणि बागा आखल्या. पुढे याच कॉकरेलने आपल्या भावासाठी काही मैलांवर सेझिंकोट हे घर बांधले. तिथे छटा उरली नाही, सगळे घरच मोगल थाटाचे झाले. स्वतः कॉकरेल हिंदुस्थानात कधी आला नव्हता. जे पाहिले नाही ते त्याने इतरांच्या चित्रांवरून आणि घरमालकांच्या आठवणींवरून उभे केले.

गावात त्या काळी आणखी एक नवल होते, ते म्हणजे याक. तिबेटशी व्यापाराचा मार्ग उघडावा म्हणून हेस्टिंग्जने १७७४ साली जॉर्ज बोगलला आणि १७८३ मध्ये सॅम्युअल टर्नरला पाठवले होते. टर्नरने पाठवलेल्या जनावरांपैकी एक याक जिवंत इंग्लंडला पोहोचला आणि जॉर्ज स्टब्जने १७९१ साली त्याचे चित्र काढले. शालीच्या लोकरीच्या बकऱ्या इंग्लंडात वाढवण्याचाही हेस्टिंग्जने प्रयत्न केला. शेती, गुरे, हवामान, येणारेजाणारे पाहुणे यांच्या नोंदी तो रोजनिशीत ठेवी. शेजारच्या ॲडलस्ट्रॉपमध्ये जेन ऑस्टिनचे नातलग राहत. तिच्या आत्याची मुलगी एलायझा ही हेस्टिंग्जची धर्मकन्या, आणि तिच्यासाठी त्याने १०,००० पौंडांची तजवीज केली होती. १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हेस्टिंग्जला आवडल्याचे कळले तेव्हा जेनला झालेला आनंद तिच्या पत्रात नोंदलेला आहे. तिच्या कादंबऱ्यांतली मॅनरची घरे ज्या समाजातून आली, त्या समाजात परदेशातून आलेला पैसा दिवाणखान्यातच बसलेला असे.

वाड्याचा इतिहास लिहिताना गाव हरवण्याचा धोका असतो. दफ्तरात धन्याची पत्रे राहतात, मजुराचा आवाज राहत नाही. म्हणून गावकऱ्यांसाठी मी एक वेगळे प्रकरण केले आहे. हेस्टिंग्ज सुटला त्या १७९५ साली इंग्लंडमध्ये पीक बुडाले, धान्याचे भाव चढले आणि शेतमजुरांची उपासमार झाली. गरिबांना पोसण्याचा भार पॅरिशवर असे आणि मजुरीचा दर मोठ्या शेतकऱ्यांच्या मर्जीवर. ही अवस्था पुढेही संपली नाही. १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी एव्हनलोडच्या खोऱ्यात, डेल्सफर्डच्या खालच्या अंगाला असलेल्या ॲस्कॉट-अंडर-विचवुड या गावात संपकरी मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सोळा स्त्रियांना चिपिंग नॉर्टनच्या न्यायासनाने सक्तमजुरीची शिक्षा दिली. त्यांतल्या काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. निकाल देणारे दोन्ही मॅजिस्ट्रेट धर्मगुरू होते. बंगालची रयत आणि एव्हनलोडचा मजूर यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. पण कोणाच्या कष्टावर कोणाचे घर उभे राहते, हे विचारायला लागलो की दोघेही एकाच पानावर येतात.

मराठी लेखनात एक गोंधळ नेहमी दिसतो, तो इथेच दूर करायला हवा. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज हा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, म्हणजे पूर्वीचा लॉर्ड मॉयरा. वॉरन हेस्टिंग्ज वेगळा. वॉरनने मराठ्यांशी तह करून युद्ध आवरले, मार्क्विसने मराठी सत्ता संपवली. दोघांच्या नावांमुळे एकाच्या कर्माचा जाब दुसऱ्याला विचारला जातो. काळाने मात्र दोन गोष्टी एकाच वर्षी घडवल्या. ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन होणे पत्करले, आणि २२ ऑगस्ट १८१८ रोजी पंचाऐंशी वर्षांचा वॉरन हेस्टिंग्ज डेल्सफर्डला वारला. दोनच वर्षांपूर्वी त्याने गावचे जुने चर्च नव्याने बांधून घेतले होते. त्याच्याच आवारात त्याला पुरले. कबरीवर कलशाच्या आकाराचे साधे स्मारक आहे.

पुढची कहाणी भराभर पालटते. पत्नी मारियन १८३७ पर्यंत जगली. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा चार्ल्स इमहॉफ याच्यानंतर १८५३ साली घर आणि सामान विकले गेले. ज्या मॅनरसाठी सगळे आयुष्य वेचले, ते घराण्याकडे पासष्ट वर्षेच टिकले. नव्या मालकाने जे. एल. पिअर्सन या वास्तुविशारदाकडून चर्च पुन्हा बांधून घेतले. विसाव्या शतकात वाडा वर्तमानपत्रांचे मालक लॉर्ड रॉदरमियर यांच्याकडे गेला, मग बॅरन थायसेन यांच्याकडे, आणि १९८८ पासून तो बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे. अँथनी बॅमफर्ड हे जेसीबी कंपनीचे प्रमुख. त्यांच्या पत्नीने इथल्या शेतीतून उभा केलेला सेंद्रिय मालाचा व्यवसाय गावाचेच नाव लावतो. जेसीबी हे नाव आज महाराष्ट्राच्या प्रत्येक खेड्यात आहे, आणि त्या कंपनीचा एक कारखाना तळेगावला आहे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज जिथे अडली, तेच हे तळेगाव. एका मालकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि मी तो जोडूही पाहत नाही. पण डेल्सफर्ड आणि मावळ यांच्यातली वाट अजून वापरात आहे, एवढे यावरून दिसते.

हेस्टिंग्जबद्दल निवाडा काय, असे वाचक विचारणारच. १७८५ साली लंडनला छापलेल्या चार्ल्स विल्किन्सच्या भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतराला हेस्टिंग्जचे एक पत्र प्रस्तावनेसारखे जोडलेले आहे. त्यात गीतेबद्दलचा आदर खरा आहे. ते पत्र ४ ऑक्टोबर १७८४ रोजी बनारसहून लिहिलेले आहे. म्हणजे ज्या शहराच्या राजाला त्याने तीन वर्षांपूर्वी देशोधडीला लावले, त्याच शहरात बसून त्याने ते लिहिले. एशियाटिक सोसायटीला आधार देणारा, फार्सी आणि बंगाली जाणणारा हेस्टिंग्ज आणि फैजाबादच्या खोजांच्या पायांत बेड्या घालू देणारा हेस्टिंग्ज एकच आहे. एकाने दुसऱ्याला धुऊन टाकता येत नाही. माझे मत असे की वेस्टमिन्स्टरने त्याला सोडले ते कायद्याच्या पुराव्यावर. चेतसिंह आणि बेगमांवर झालेला अन्याय त्यामुळे कमी होत नाही. आणि एका माणसावर खटला भरून ज्या कंपनीने हा पैसा वापरला तिला हात लावायचा नाही, ही त्या खटल्याची सर्वांत मोठी उणीव होती.

हेस्टिंग्जची कागदपत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत दोनशेहून अधिक खंडांत जपलेली आहेत. साळबाईवर सही करणारा अँडरसन पुढे स्कॉटलंडला परतला आणि तिथूनही हेस्टिंग्जला पत्रे लिहीत राहिला. त्याचीही दफ्तरे तिथे आहेत. आपल्याकडे पेशवे दफ्तर आहे, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी आणि गो. स. सरदेसायांनी छापलेली पत्रे आहेत आणि न छापलेले मोडी रुमाल तर ढिगांनी आहेत. एकाच तहाबद्दल, एकाच महिन्यात, महादजींच्या छावणीतून दोन्हीकडे पत्रे जात होती. ती शेजारी ठेवून तारखेवार वाचण्याचे काम फार थोडे झाले आहे. मोडी वाचणारा आणि अठराव्या शतकातले इंग्रजी हस्ताक्षर वाचणारा, असे दोघे जण एका टेबलाशी बसले तर पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या जमाखर्चाचे पान पहिल्यांदा पुरते भरता येईल. डेल्सफर्डवरचे हे पुस्तक त्या कामाची सुरुवात म्हणून मी वाचकांपुढे ठेवत आहे. पुढचे काम तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे. त्यात माझी विधाने चुकीची ठरली तर ती खोडावीत, पण हा हिशेब अपुरा सोडू नये.